करंबेळकर साहेबांचा पत्ता

आमच्या घरात बागुलबुवाला प्रवेशबंदी आहे. भुतांना आहे, दृष्ट लागण्याला आहे, मांजर आडवं जाण्याला आहे, आणि 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा' या प्रकाराला तर आहेच आहे. ही बंदी माझ्या सासऱ्यांनी घातलेली. त्यांचं नाव सिताराम, पण कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. रत्नागिरीकडच्या खेड्यातून तरुणपणी आले, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत उभा जन्म काढला. आता रिटायर झाल्यावर त्यांना दोनच कामं आहेत. विहारात येणाऱ्या पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणं, आणि भाजीत मीठ कमी आहे हे माझ्या नवऱ्याला, प्रितमला, हळूच सांगणं. मला थेट कधी सांगत नाहीत. माणूस हुशार आहे.

माझी मुलगी अक्षता तीनेक वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. ती जेवायला बसली की आमच्या घरात कुरुक्षेत्र व्हायचं. एकदा शेजारच्या जयमालाताई मदतीला आल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "जेव गं बाई पटकन, नायतर बागुलबुवा येईल." झालं. आप्पांनी पेपर बाजूला ठेवला.

"जयमाला, पोराला भीती घालून वाढवायचं नाय. आमच्या चार पिढ्या त्या भीतीतच गेल्या. ह्या घरात पोरीला जे सांगायचं ते खरंच सांगायचं."

जयमालाताई इतक्या वरमल्या की वरणभाताची ताटली माझ्या हातात देऊन निघूनच गेल्या. मला सासऱ्यांचा अभिमान वाटला. अगदी मनापासून वाटला. तो जेमतेम आठवडाभर टिकला.

मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते आणि अक्षता दुधाच्या पेल्याकडे शत्रूकडे बघावं तशी बघत बसली होती. आप्पांनी खिशातून मोबाईल काढला, कानाला लावला आणि खुर्चीतून अर्धवट उठले.

"हॅलो? कोण, करंबेळकर साहेब? नमस्कार साहेब, नमस्कार. दूध? पिते की! आत्ताच पितेय बघा. नाय नाय, तुमी यायची तसदी कशाला घेता?"

पोरीनं पेला एका दमात रिकामा केला. मी आप्पांना स्वयंपाकघरात गाठलं.

"आप्पा, हे काय?"

"काय?"

"खरंच सांगायचं म्हणाला होतात ना?"

"अगं शर्मिला, हा काय बागुलबुवा हाय? हा इन्स्पेक्टर हाय. सरकारी माणूस!"

त्यांच्या लेखी फरक जमीन-अस्मानाचा होता. त्यांच्या कंपनीत इन्स्पेक्टर येणार अशी नुसती कुणकुण लागली की फरशा धुतल्या जायच्या, वर्षभर कुलपात असलेली हेल्मेटं डोक्यावर चढायची, आणि मॅनेजर कामगारांना 'अहो जाहो' करायचा. देव त्यांनी कधी पाहिला नव्हता, भूत पाहिलं नव्हतं. इन्स्पेक्टर मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि नुसत्या त्याच्या नावानं माणसं सुधारतात हेही पाहिलं होतं.

अशा रीतीनं करंबेळकर साहेब आमच्या घरात आले आणि मुक्कामालाच राहिले. आधी त्यांच्याकडे फक्त दूध होतं. मग नखं आली, केस विंचरणं आलं, होमवर्क आला. साहेब मुलांशी फोनवर बोलत नाहीत, तसा ऑफिसचा नियमच आहे, त्यामुळे सगळा व्यवहार आप्पांमार्फत. पण अक्षताच्या शंका काही थांबेनात. साहेब राहतात कुठे? खारघरला, उंच बिल्डिंगमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर. ते स्वतः का येत नाहीत? गुडघे दुखतात त्यांचे. त्यांना खायला काय आवडतं? सुकटीची चटणी. ते कोणाला घाबरतात का? हो, कुत्र्याला घाबरतात.

बघता बघता साहेबांचा दरारा गेला आणि माया उरली. अक्षताला ताप आला की आप्पा फोन लावून म्हणायचे, "साहेब, पोरगी आजारी हाय, रजा पायजे," आणि मग तिच्याकडे वळून, "मंजूर!" ती लगेच डोळे मिटायची. डॉक्टरांच्या औषधापेक्षा साहेबांची मंजुरी तिला जास्त लागू पडायची. प्रितम शिफ्टवरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "काय, साहेब काय म्हणतात?" सासूबाई गेल्या त्या वर्षी तर आप्पा आमच्याशी कमी आणि साहेबांशी जास्त बोलायचे. घरातल्या माणसासारखा जीव लागला होता सगळ्यांचाच. मी मात्र अधूनमधून टोकायचे.

"आप्पा, पोरगी मोठी झाली. सांगून टाका आता."

"सांगू गं. वार्षिक परीक्षा होऊ दे."

परीक्षा होत राहिल्या. अक्षता तिसरीत गेली.

यंदाच्या एप्रिलमध्ये विहारात जयंतीच्या कार्यक्रमात मुलांची भाषणं ठरली. अक्षतानं स्वतःच विषय निवडला, 'आमचं घर आणि अंधश्रद्धा'. एका संध्याकाळी तिनं आम्हाला सोफ्यावर ओळीनं बसवलं आणि टीपॉयशेजारी उभी राहून तालीम सुरू केली.

"आमच्या घरी भुताला कोणीही घाबरत नाही. आमच्या घरी बागुलबुवा नाही. कारण माझे आप्पा म्हणतात, विचारल्याशिवाय काही मानू नको." आप्पांची छाती फुगली. "माझे आप्पा माझ्याशी कधीच खोटं बोलत नाहीत. म्हणून ते जे सांगतात ते मी खरं मानते." छाती जागच्या जागी बसली. "आणि आता मी आपले प्रमुख पाहुणे माननीय करंबेळकर साहेब यांचं स्वागत करते."

"कोण?" प्रितम म्हणाला.

"करंबेळकर साहेब. मी अंकुशकाकांना सांगितलंय."

अंकुशकाका म्हणजे कार्यक्रमाचे सेक्रेटरी. त्यांनी तिला विचारलं होतं, इन्स्पेक्टर आहेत म्हणजे कुठल्या खात्याचे? ही म्हणाली, सगळ्याच. अंकुशकाका इतके खूश झाले की त्यांनी पाहुण्यांसाठी शाल आणायला माणूस पाठवला होता. प्रितमला एकाएकी गॅलरीतले कपडे काढायचे आठवले. मी आप्पांकडे बघितलं, तर ते पंख्याकडे बघत होते.

जेवणं झाल्यावर ते स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"शर्मिला, बदली करून टाकू त्यांची. गडचिरोलीला."

"ती व्हिडिओ कॉल मागेल."

"मग हार्ट अटॅक?"

"आप्पा!"

"साधाच गं. सौम्य."

"उद्या सकाळी फळं घेऊन हॉस्पिटलात जायला निघेल ती. ओळखत नाही का तुम्ही तुमच्या नातीला?"

मला हसू आवरत नव्हतं. पण आप्पा हसले नाहीत. स्टूल ओढून बसले, आणि एकदम खूप म्हातारे दिसायला लागले.

"दूध-बिध जाऊ दे गं. मी तिला बाकी जे सांगितलंय, माझं, गावचं, आमच्या दिवसांचं, ते सगळं खरं हाय. ह्या एका खोट्यापायी तेबी गेलं तर? उद्या म्हणेल, आप्पा काय, गोष्टीच बनवतात."

माझं हसू जागच्या जागी विरलं. त्यांची भीती खरी होती. या माणसाकडे नातीला द्यायला जमीनजुमला नव्हता. होतं ते एवढंच, स्वतः पाहिलेलं आणि सोसलेलं, आणि ते तिनं खरं मानावं एवढीच त्यांची इच्छा होती.

"दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त जाईल, आप्पा," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

उद्याचा परवा झाला, परवाचा रविवार उजाडला. तोवर अक्षतानं निळ्या कागदाचं, कडेनं चमकी लावलेलं आमंत्रण तयार केलं होतं आणि माझ्याकडून हट्टानं सुकटीची चटणी करून घेऊन एका बरणीत भरली होती.

"चला, साहेबांना द्यायला जाऊ."

"फोनवर सांगतो ना मी," आप्पा म्हणाले.

"आमंत्रण घरी जाऊन द्यायचं असतं. तुम्हीच जाता ना सगळ्यांच्या घरी?"

आप्पा खरोखरच दर जयंतीला दार न् दार फिरून आमंत्रण देतात. शेवटी ठरलं की रिक्षानं खारघरला जायचं आणि वाटेत ते तिला सगळं सांगतील. ते कच खातील याची मला खात्री होती, म्हणून मीही चढून बसले.

हायवे ओलांडला. आप्पांनी घसा खाकरला.

"अक्षता, समज..."

"आप्पा, साहेबांचे गुडघे आता कसे आहेत?"

"बरे हायत," आप्पा म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

खारघरमध्ये शिरल्यावर रिक्षावाला विचारायला लागला, काका, कुठे घेऊ? आप्पा म्हणाले, सरळ घ्या. मग म्हणाले, डावीकडे घ्या. असं करत करत रस्ताच संपला. समोर एक उंच टॉवर होता. अक्षता ओरडली, "हीच ना?" आणि आप्पांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत बरणी छातीशी धरून उतरलीसुद्धा.

गेटवरचा वॉचमन मराठवाड्याकडचा असावा. आपुलकीनं पुढे आला.

"कुणाकडं जायचंय?"

"करंबेळकर साहेबांकडे," अक्षता म्हणाली. "सगळ्यात वरच्या मजल्यावर."

"फ्लॅट नंबर?"

तिनं आप्पांकडे बघितलं. "आप्पा, नंबर सांगा ना."

आप्पा खिसे चाचपायला लागले. वॉचमनला वाटलं, म्हातारा माणूस विसरला असेल. तो म्हणाला, "काका, ह्या नावाचं हितं कुणी ऱ्हात न्हाई. शेजारच्या बिल्डिंगमधी इचारता का? तीबी एवढीच उंच हाय."

बिचाऱ्यानं चांगल्या मनानं आप्पांना सुटकेचा रस्ता दाखवला होता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाता आलं असतं, तिथून पुढच्या, आणि ऊन फार झालं म्हणून तसंच घरी परतता आलं असतं. आप्पांनी त्या बिल्डिंगकडे एकदा बघितलं. मग गेटशेजारी गुलमोहराच्या सावलीत कट्टा होता त्यावर जाऊन बसले.

"अक्षता, हिकडे ये." ती गेली. "साहेब तिकडेबी नायत. कुठंच नायत. करंबेळकर नावाचा इन्स्पेक्टरच नाय, बाळा. तू दूध पीत नव्हतीस म्हणून मी तो बनवला."

ती आधी हसली. "खोटं."

"खरं. आतापर्यंतचं खोटं होतं."

"मग फोनवर कोण असायचं?"

"कोणीच नाय. फोन लावलेलाच नसायचा."

"गुडघे दुखायचे ते?"

"ते माझे."

"आणि कुत्र्याला घाबरायचे?"

"तू घाबरायचीस ना. तुला सोबत पायजे म्हणून."

"सुकटीची चटणी?"

आप्पांनी मान खाली घातली. "ती मला आवडते."

तिनं हातातल्या बरणीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, तुला माहीत होतं?"

मी वॉचमनकडे बघत "हो" म्हटलं. वॉचमन एकदम आकाश बघायला लागला.

मला वाटलं होतं ती भोकाड पसरेल. मी रुमाल काढूनही ठेवला होता. ती रडली नाही. बरणी आप्पांच्या शेजारी ठेवली आणि कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसली. मी उठायला लागले तर आप्पांनी हातानं थांबवलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, सासूबाईंच्या आजारपणातसुद्धा नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, मग ते पण तुम्ही बनवलेलं?"

"काय ते?"

"ते गावाचं. तुमचा तो वरच्या वाडीतला मित्र. शाळेतून येताना तुम्हाला दोघांना तहान लागायची, त्याच्या घरी थांबायचात. तो तांब्याला तोंड लावून प्यायचा. आणि तुम्हाला त्याची आजी अंगणात खाली बसवायची, आणि उंचावरून तुमच्या ओंजळीत पाणी ओतायची. तांब्याला तुमचा हात लागायला नको म्हणून." ती थांबली. "ते पण बनवलेलं ना?"

आप्पांनी डोळे मिटले. ज्याला ते भीत होते तेच झालं होतं.

पण माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. तिथे राग नव्हता, संशयही नव्हता. ताप आल्यावर 'रजा मंजूर?' विचारताना असायचा, तसा तो चेहरा होता. ती उलटतपासणी घेत नव्हती. ती आशेनं विचारत होती.

"खोटं असेल तरी चालेल, आप्पा," ती म्हणाली. "मी रागावणार नाही."

आणि त्या क्षणी मलाही मनापासून वाटलं की या माणसानं आता खोटं बोलावं. हो म्हणावं. पोरीला घरी घेऊन जावं आणि चटणी-भाकरी खाऊ घालावी. आप्पांनी डोळे उघडून सरळ तिच्याकडे बघितलं.

"नाय, बाळा. ते खरं हाय."

"सगळं?"

"सगळं."

"रोज व्हायचं?"

"तहान लागायची तेव्हा तेव्हा."

मग ती रडली. साहेबांसाठी तिनं एक टिपूस गाळलं नव्हतं. आता मात्र हुंदके आवरेनात. ही गोष्ट तिनं कितीदा ऐकली होती. आप्पा विहारात सांगायचे, घरी सांगायचे, धडा शिकवावा तशा सपाट आवाजात, आणि मुलं बिस्किटं खात ऐकायची. आज पहिल्यांदा तिला तो अंगणात बसलेला मुलगा दिसला असावा, आणि तो मुलगा म्हणजे तिचे आप्पाच होते.

आप्पांनी तिला जवळ ओढायला हात पुढे केला, तर ती हिसडा देऊन बाजूला झाली. मला वाटलं, झालं, गेली ही हातातून. पण ती पाठीवरची सॅक काढून तिच्यात काहीतरी शोधत होती. तिनं पाण्याची बाटली बाहेर काढली. त्या बाटलीला कोणी तोंड लावलेलं तिला खपत नाही. मलाही ती दटावते, "आई, वरून पी." आप्पांना कधी दटावावं लागलं नाही. बाटली असो, तांब्या असो, ग्लास असो, आप्पा मान मागे टाकून वरूनच पितात, एक थेंब सांडत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी ते बघतेय. मला आपलं वाटायचं, कंपनीतली सवय असेल.

तिनं झाकण उघडून बाटली त्यांच्यापुढे धरली. "प्या."

आप्पांनी नेहमीसारखी मान मागे टाकली आणि बाटली उंच केली. तिनं त्यांचा हात धरून खाली ओढला.

"वरून नाही," ती मुसमुसत म्हणाली. "तोंड लावून."

आप्पांना ते जमेना. पहिला घोट शर्टावरच सांडला, दुसऱ्याला ठसका लागला. तिनं बाह्यांनी नाक पुसलं, दोन्ही हातांनी बाटली खालून धरली, आणि ती रिकामी होईपर्यंत सोडली नाही.